जर्सीवर मराठीत नाव, तेही घरच्या इस्त्रीनं

माझी भाची खो-खो खेळते. टीममधल्या सगळ्या पोरी तिला अक्का म्हणतात आणि यंदा नवीन जर्सी आल्यावर तिला पाठीवर तेच नाव पाहिजे होतं, आणि मराठीतच पाहिजे होतं. जर्स्या टीमसाठी एकगठ्ठा आलेल्या, लाल रंग, पुढं-मागं नंबर छापलेला, नंबरच्या वर नावाची जागा मोकळी. मी शिलाईच्या लाइनमधली, सोलापूरला अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत शाळेचे युनिफॉर्म शिवतात तिथं कामाला, म्हणून ताई म्हणाली तूच बघ गं काय होतंय ते. मग मी ते काम अगदी मनावर घेतलं, आणि ज्यांना घरी करायचंय त्यांना उपयोग व्हावा म्हणून सगळं सविस्तर लिहितेय.

आधी एका प्रिंटिंगच्या दुकानात विचारलं होतं. एक पीस करायला तो तयार होता, पण कॉम्प्युटरवर नाव टाकलं की क्क तुटायचा, अर्धा क वेगळा, त्याच्या पायाशी हलंत, मग पुढचा का. या दुकानांमधली बरीच डिझाइनची सॉफ्टवेअरं जुनी असतात, त्यात मराठीसाठी श्रीलिपीसारखे जुने फॉन्ट वेगळे टाईप करावे लागतात, आपण मोबाईलवरून पाठवलेला युनिकोड मजकूर तसाच पेस्ट केला की जोडाक्षर फुटतं. पोरीच्या पाठीवर तिचं नाव फुटलेलं नको, एवढं मी तिथंच ठरवलं.

घरी करायचं तर कशानं करायचं हा पहिला प्रश्न. भरतकाम माझ्या हातातलं आहे, पण जर्सीचं कापड म्हणजे पातळ विणीचं पॉलिस्टर, त्यावर भरतकाम केलं की कापड गोळा होतं, खाली बॅकिंग, म्हणजे आधाराचं जाडसर अस्तर लावावं लागतं आणि ते बॅकिंग घामात पाठीला टोचतं. फॅब्रिक पेंट कॉटनवर छान बसतो, ताणणाऱ्या पॉलिस्टरवर थोड्या दिवसांत भेगा पडतात. डीटीएफ नावाचा प्रकार आता सगळीकडं चालतो, फिल्मवर प्रिंट करून मागं गोंदाची पावडर वितळवलेली असते, ती प्रिंट दुकानातून करून आणून घरी इस्त्रीनं चिकटवता येते, नाव टाईप न करता चित्र म्हणून पाठवलं तर तुटतही नाही. फोटो किंवा चार-पाच रंगांचा लोगो असता तर मी तेच केलं असतं. पण एका रंगातलं साधं नाव असेल तर हीट ट्रान्सफर व्हिनाइल घ्यावं, म्हणजे गरम इस्त्रीनं कापडाला चिकटणारी पातळ प्लॅस्टिकची शीट, ते घरी कापता येतं आणि चांगल्या प्रतीचं असेल तर कापडाबरोबर ताणलं जातं. घेताना पीयू बघून घ्यायचं, म्हणजे पॉलियुरेथेन. स्वस्तातलं पीव्हीसी जाड असतं आणि वारंवार ताणलं की तडकतं.

ताणण्याचा मुद्दा खो-खोत फार महत्त्वाचा आहे. बसलेला खेळाडू चौकात वाकून बसतो, पाठ पूर्ण ताणलेली, आणि खो द्यायचा तो मागून, पाठीला हात लावून. म्हणजे नाव जिथं लावायचं नेमक्या त्याच जागेवर धावत आलेल्या पोरींचे हात पडणार, मॅचभर. वर घाम, माती, सूर मारला की जमिनीवरचं घासणं. क्रिकेटच्या जर्सीवरच्या नावाला एवढं सोसावं लागत नाही. म्हणून मी नाव चौकोनी पट्टीवर लावायचा विचारच केला नाही, सुट्टी अक्षरं कापली. पूर्ण पट्टी लावली की तेवढ्या जागेतून हवा जात नाही, आतून घाम साचतो, आणि आपल्याकडं मे महिन्यात चाळिशीच्या वर पारा असताना मैदानावर उभं राहून बघा म्हणजे कळेल.

नंबरला मात्र हात लावायचा नाही. संरक्षण करणाऱ्या पोरी तीन-तीनच्या तुकडीत आत जातात, त्यांचा क्रम नंबरवर गुणलेखकाकडं लिहिलेला असतो, त्यामुळं पंचांना आणि गुणलेखकाला नंबर लांबून स्वच्छ दिसला पाहिजे. नाव त्याला चिकटून आलं की गिचमिड होते. मी नाव आणि नंबरच्या मध्ये तीन बोटं जागा ठेवली.

पाठीवर नाव ही तशी फार जुनी पद्धत नाही. क्रिकेटमध्ये १९९२ च्या वर्ल्डकपला रंगीत कपडे आले तेव्हा पाठीवर नावं होती, नंबर आले १९९९ च्या वर्ल्डकपला, आणि टेस्टच्या पांढऱ्या शर्टावर नाव-नंबर यायला २०१९ ची अॅशेस, म्हणजे इंग्लंड-ऑस्ट्रेलियाची टेस्ट सिरीज, उजाडली. इंग्लंडच्या फुटबॉलच्या प्रीमियर लीगमध्ये नावं १९९३ पासून. आणि आपल्या सोलापूर जिल्ह्यातली किरण नवगिरे, तिनं २०२३ च्या डब्ल्यूपीएलमध्ये, म्हणजे बायकांच्या क्रिकेट लीगमध्ये, बॅटवर मार्करनं एमएसडी ०७ असं धोनीचं नाव-नंबर लिहून फिफ्टी मारली होती, ते अक्कानं मला दहा वेळा सांगितलंय. तिच्या लेखी हाताने लिहिलेलं नाव कमी दर्जाचं नसतंच. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीत खो-खोचा पहिला वर्ल्डकप झाला, प्रियांका इंगळेच्या कॅप्टनशिपखाली आपल्या पोरींनी फायनलला नेपाळला ७८-४० हरवलं, तेव्हापासून या पोरींच्या अंगात वेगळंच वारं आहे, जर्सी म्हणजे त्यांना युनिफॉर्म वाटत नाही, त्याच्या वरचं काहीतरी वाटतं. मला ते पटतं.

तर आता काम. फॉन्ट निवडताना हाताने ब्लेडनं कापायचंय हे डोक्यात ठेवायचं. जाड, सारख्या जाडीचा, टोकं फार बारीक नसलेला फॉन्ट घ्या. ‘एक टाइप’ नावाच्या फॉन्ट बनवणाऱ्यांनी केलेले बालू आणि मुक्ता हे दोन्ही फॉन्ट फुकट मिळतात, मी बालूचा जाड प्रकार घेतला, गोलसर असल्यामुळं ब्लेड वळवायला सोपा जातो. पुस्तकी वळणाचा, कुठं जाड कुठं बारीक असा फॉन्ट दिसायला सुंदर, पण बारीक रेघ तीन मिलिमीटरच्या खाली गेली की कापताना फाटते आणि लावल्यावर तिथूनच उचकटायला लागते.

आणि इथं मला एक गोष्ट लई आवडली. इंग्रजी नाव लावायचं म्हणजे प्रत्येक अक्षर सुटं, दोन अक्षरांमधलं अंतर सारखं ठेवा, ओळ सरळ ठेवा, एक जरी वाकडं बसलं तरी लगेच दिसतं. आपल्या नावाला वरून शिरोरेषा आहे. अ, क्क, काना, सगळं एकाच रेघेला धरून, पूर्ण नाव म्हणजे एकच तुकडा. शिरोरेषा सरळ बसली की नाव सरळ बसलं, दुसरं काही मोजायला नको. ओढून बघितलं तरी सगळं एकमेकांना धरून राहतं. मराठीत नाव घालणं अवघड असं मला दोघा-तिघांनी सांगितलं होतं, हाताने करायला तर ते मला उलट सोपं वाटलं.

प्रिंट झेरॉक्सच्या दुकानातून साध्या कागदावर काढली, पण उलटी, आरशात दिसते तशी. हे का ते सांगते. व्हिनाइलच्या एका बाजूला चकचकीत पारदर्शक फिल्म असते, दुसरी बाजू मंद, तिच्यावर गोंद असतो, जो गरम झाल्यावरच चिकटतो. कापायचं मंद बाजूनं आणि फिल्म कापायची नाही, ती अक्षरांना धरून ठेवते. कापून झालं की शीट पालथी करून, फिल्म वर ठेवून जर्सीवर ठेवायची, म्हणजे उलटं कापलेलं नाव सुलटं होतं. प्रिंट काढून देणाऱ्याला वाटलं काहीतरी चुकलंय, तो सुलटी काढून द्यायला निघाला होता. कापायच्या आधी प्रिंट आरशासमोर धरून एकदा वाचून घ्यायची, दोन सेकंदाचं काम आहे.

कागद मंद बाजूवर चारी कडांनी टेपनं घट्ट चिकटवला आणि कागदासकट कापलं. ब्लेड नवीन पाहिजे, पेन्सिलसारखा धरायचा तो बारीक कटर मिळतो स्टेशनरीत, तो बरा. आधी शीटच्या कडेला रिकाम्या जागेत रेघा मारून हाताचा दाब ठरवून घ्यायचा: कागद आणि व्हिनाइल कापलं गेलं पाहिजे, खालच्या फिल्मवर नुसता ओरखडा आला पाहिजे. हा दाब एकदा हाताला कळला की निम्मं काम झालं. मग आतली भोकं आधी, बाहेरची कड नंतर. क च्या पोटातला गोल आधी कापायचा, कारण बाहेरची कड आधी सुटली की अक्षर हलतं आणि आतला गोल वेडावाकडा येतो. गोलाईवर हात फिरवायचा नाही, हात जागेवर ठेवून शीट फिरवायची, शिलाई मशीनवर कॉलर फिरवतो तसं. क्क मध्ये दोन पोटं जवळजवळ येतात, त्यांच्या मधली रेघ अरुंद असते, तिथं श्वास रोखूनच ब्लेड चालवलं. मग नको असलेलं व्हिनाइल सुईच्या टोकानं उचलून सोलून काढलं. पंखा बंद ठेवा, नाहीतर हे गोंदाचे बारके तुकडे उडून कुठंतरी बसतात आणि इस्त्रीखाली आले की कायमचे चिकटतात.

जागा ठरवायला अक्काला जर्सी घालून उभी केली, आणि मग खो-खोच्या बैठकीत बसवली. उभं असताना बरोबर वाटणारी जागा बसल्यावर पार बदलते, कापड वर ओढलं जातं, आणि नाव कॉलरच्या फार जवळ असलं तर मानेच्या घडीत जातं. ती बसलेली असतानाच खुणा केल्या. मधली रेघ काढायला दोन्ही खांदे जुळवून जर्सी उभी दुमडायची आणि घडीवर साबणाच्या वाळलेल्या चिपटीनं पुसट रेघ मारायची, आम्ही युनिटमध्ये खडू नसला की हेच करतो, धुतलं की जातं. मागच्या कॉलरच्या शिलाईपासून साधारण आठ सेंटिमीटर खाली शिरोरेषा, अक्षराची उंची सहा सेंटिमीटर.

जर्सी नवीकोरी असेल तर आधी एकदा धुवा आणि धुताना कम्फर्ट वगैरे काही टाकू नका. कापडावर कारखान्यातलं फिनिश असतं, सॉफ्टनरचाही थर बसतो, दोन्हींमुळं गोंद कापडात नीट शिरत नाही.

आता इस्त्री, आणि खरी काळजी इथं. पाकिटावर लिहिलेलं असतं १५० डिग्री, दहा ते पंधरा सेकंद, पण ते हीट प्रेसच्या मशीनचं गणित, तिथं उष्णता आणि दाब सगळीकडं सारखा असतो. इस्त्रीवर एक टिंब म्हणजे साधारण ११०, दोन टिंबं १५०, तीन टिंबं २०० डिग्री. तीन टिंबांवर पॉलिस्टर न्यायचंच नाही. ते वितळतं २५० च्या पुढं, पण त्याच्या खूप आधी कापडावर चकाकी येते, इस्त्रीचा ठसा उमटतो, आणि तो जात नाही. दुसरी गोष्ट रंगाची. पॉलिस्टरचा रंग हा डिस्पर्स डाय नावाचा प्रकार असतो, जास्त तापला की त्याची वाफ होऊन तो वरच्या व्हिनाइलमध्ये चढतो. लाल जर्सीवर पांढरं नाव गुलाबी होतं ते यामुळं, आणि गंमत म्हणजे कधीकधी लगेच दिसत नाही, दोन दिवसांनी दिसायला लागतं.

म्हणून मी जर्सीला हात लावायच्या आधी तसल्याच कापडाच्या जुन्या लाल टी-शर्टवर चाचण्या घेतल्या, कोपऱ्या-कोपऱ्यात पांढऱ्या व्हिनाइलचे तुकडे वेगवेगळ्या उष्णतेला लावले आणि ठेवून दिले. तीन टिंबांच्या जवळ लावलेला तुकडा पुढच्या दोन-तीन दिवसांत गुलाबीसर झाला. दोन टिंबांच्या थोडं खाली, पण जास्त वेळ आणि जास्त दाब देऊन लावलेला तुकडा पांढरा राहिला आणि नखानं उचकटायला गेले तरी निघाला नाही. तीच सेटिंग पक्की केली. ज्यांची जर्सी लाल, मरून किंवा गडद निळी आहे त्यांनी ही चाचणी घेतल्याशिवाय पुढं जाऊ नका, कळकळीनं सांगते. कमी उष्णतेवर चिकटणारं व्हिनाइल वेगळं मिळतं, तेही चालेल, रंग अडवणारंही मिळतं, पण ते जरा जाड असतं.

इस्त्री कुठल्या जागेवर करायची यावर कोणी बोलत नाही. सोलापुरात बहुतेक घरांत जुनी चादर चौघडी करून जमिनीवर अंथरायची आणि त्यावर इस्त्री करायची. रोजच्या कपड्यांना उत्तम. पण इथं दाब पाहिजे आणि चादर दाब खाऊन टाकते, शिवाय आपल्या चादरीची वीण जाड, तिचे उंचवटे वर उमटतात आणि अक्षर कुठं चिकटतं, कुठं चिकटत नाही. मी लाकडी पाट घेतला, जेवायला बसायचा सपाट पाट, त्यावर पातळ सुती कापड गुंडाळलं आणि जर्सी उशीच्या अभ्र्यासारखी त्या पाटावर चढवली. बाजूच्या शिलाया, कॉलर, बाह्या सगळं पाटाच्या कडेवरून खाली लोंबतं आणि पाठीचं कापड टणक सपाटीवर एकटं राहतं. जाड शिलाई खाली आली की इस्त्री तिच्यावर टेकते आणि शेजारी पोकळी राहते, ते यात होत नाही. पुढच्या बाजूच्या छापलेल्या नंबरलाही आच लागत नाही, मध्ये लाकूड असतं.

इस्त्री आमची जुनी, जड, बिनवाफेची. अशी असेल तर तीच घ्या. वाफेच्या इस्त्रीच्या तळाला भोकं असतात, त्या जागी उष्णता कमी पोचते, आणि वाफ तर अजिबात नको, ओलावा गोंदाचा शत्रू. आधी रिकाम्या जर्सीवरून पाच-सात सेकंद इस्त्री टेकवून ओल काढली. मग नाव ठेवलं, साबणाच्या रेघेवर मध्य जुळवला, शिरोरेषा पट्टी लावून तपासली, वर बेकिंग पेपर. साधा मेणाचा बटर पेपर वापरू नका, मेण वितळून कापडात जातं, बेकिंगचा नसेल तर पातळ सुती रुमाल चालतो. इस्त्रीचा दिवा विझला की लगेच टेकवायची. नाव इस्त्रीपेक्षा लांब होतं म्हणून आधी मध्ये, मग डावीकडं, मग उजवीकडं, प्रत्येक जागी सावकाश वीसपर्यंत मोजून, दोन्ही हातांनी अंगाचा भार देऊन. फिरवायची नाही. उचलायची, ठेवायची. फिरवली की गरम व्हिनाइल घसरतं आणि शिरोरेषा धनुष्यासारखी वाकते. जागा एकमेकांवर थोड्या चढल्या पाहिजेत, म्हणजे मध्ये कोरडी फट राहत नाही.

आमचं व्हिनाइल गार झाल्यावर सोलायचं होतं, काही गरम असतानाच सोलायचं असतं, पाकिटावर लिहिलेलं असतं ते वाचा. पूर्ण गार झाल्यावर फिल्म एका कोपऱ्यातून, कापडाला समांतर, सावकाश मागं ओढत गेले. अ च्या खालच्या वळणाचं टोक फिल्मबरोबर वर यायला लागलं, तिथं थांबून फिल्म परत खाली बसवली आणि तेवढ्या जागेवर पुन्हा दाब दिला, मग नीट निघाली. फिल्म गेल्यावर बेकिंग पेपर ठेवून सगळ्या नावावरून परत एकदा दाब दिला, आणि जर्सी उलटी करून आतूनही. या शेवटच्या दाबानंतर जाळीच्या कापडाची वीण व्हिनाइलवर बारीक उमटलेली दिसते, बोट फिरवलं की हाताला लागते. तशी वीण दिसली की समजायचं गोंद कापडात शिरलाय. नुसतं गुळगुळीत प्लॅस्टिकसारखं दिसत असेल तर अजून वरवरच बसलंय.

अक्काला कधी एकदा घालीन असं झालेलं, पण एक पूर्ण दिवस घालू दिली नाही आणि धुतली पण नाही. नंतर तिनं सरावाला घातली, बसली, उठली, पोरींनी खो दिले, मुद्दाम त्या नावावरच हात मारत होत्या. शिरोरेषेचं उजवं टोक किंचित उचकटलं. काटकोनी टोक तिथूनच उचकटतं असं माझ्या लक्षात आलं, सुईच्या कामात पण कोपरा पहिला उसवतो. ते टोक परत दाबून बसवलं आणि बारीक कात्रीनं जरा गोल केलं, त्यानंतर हललेलं नाही. आता नाव कापतानाच शिरोरेषेची दोन्ही टोकं गोल कापते.

धुण्याचं एवढंच: उलटी करून, गार पाण्यात, ब्रश नाही, पिळायची नाही, वाळवायची पण उलटीच आणि सावलीत. नावावर थेट इस्त्री कधीच नाही. ब्लीच तर नकोच. अक्काची आई, म्हणजे आमची ताई, कपडे दगडावर आपटून धुणारी, तिला मी जर्सी वेगळी काढून हातात देऊन समजावून सांगितलं.

आता बाकीच्या पोरी पण मागं लागल्यात आणि मी हो म्हटलंय. त्यांच्या नावांत अक्कासारखी सरळ अक्षरं नाहीत, रफार आहे, वेलांट्या आहेत, खाली उकार आहेत. सहा सेंटिमीटरचं अक्षर धरलं तरी वर मात्रा आणि खाली उकार मिळून नाव दहाच्या आसपास जातं, मग ते कॉलर आणि नंबरच्या मध्ये बसत नाही. अशांना अक्षर साडेचार सेंटिमीटरवर आणायचं ठरवलंय आणि सगळ्या जर्स्यांवर शिरोरेषा कॉलरपासून एकाच अंतरावर ठेवायची, म्हणजे पोरी रांगेत बसल्या की सगळ्यांच्या नावांची रेघ एका उंचीवर येईल, मात्रा वर जाऊ देत, उकार खाली जाऊ देत. अनुस्वाराचं टिंब मात्र रेघेपासून सुटं असतं, खो देणाऱ्या हाताखाली ते पहिलं जाईल, म्हणून ते जरा मोठं, गोल आणि दाब दुप्पट वेळ. ज्यांच्या नावात टिंब आहे त्यांची जर्सी आधी करणार आहे, म्हणजे सरावात टिकतंय का ते स्पर्धेच्या आधीच कळेल.